तिथं आपलं कोण?

भरतने केलेली यादी चार ओळींची होती आणि चारही ओळींत मुंबईचीच कॉलेजं होती. गेल्या साली संपलेल्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ठसठशीत, एकेक अक्षर सुटं असं त्याने ती लिहून काढली होती. खाली रेघ ओढून सहीसुद्धा केली होती. सही कशाला, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पण महत्त्वाचा कागद म्हटला की भरतचा हात आपोआप सहीकडे जायचा.

त्याच्या पुतणीने, समीक्षाने, कागद उलटसुलट करून पाहिला. समीक्षा महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीतली ती पहिली बी.एस्सी. त्यामुळे कोणाचा रक्ताचा रिपोर्ट, खताच्या गोणीवरचे आकडे, बिघडलेला टीव्हीचा रिमोट, सगळं रविवारी तिच्यासमोर येऊन पडायचं. या रविवारी ती मुद्दाम श्रुतिकासाठी आली होती.

श्रुतिका ही भरतची मुलगी. बारावी महाडला केली, डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास निम्मा क्लासला आणि निम्मा सहाणेवर. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो दगडी चौथरा. वाडीत मोबाइलला रेंज तेवढ्याच जागी येते. देवाच्या जागेवर बसून बेडकाच्या आतड्यांची चित्रं बघते म्हणून तिला सुरुवातीला बोलणी बसली होती. मग तिचे पाचशे चार गुण आले, आणि बोलणारेच पेढे मागायला आले. आता गुणांप्रमाणे क्रमांक लागला होता आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. मंगळवारी संध्याकाळी पाचला यादी बंद होणार होती.

"काका, आणि पाचवं?" समीक्षाने विचारलं.

"चार पुरेत की. जास्त लिवली तर त्यांना वाटंल, ही कुठंबी जाईल."

"कोणाला वाटेल?"

"वर बसलेत त्यांना."

"वर कोणी बसलेलं नाही. कॉम्प्युटर आहे."

"मग त्याला वाटंल," भरत म्हणाला.

श्रुतिका हसली, पण तिचं हसू अर्धंच होतं. समीक्षाने मोबाइलवर गेल्या वर्षीचे आकडे काढून काकापुढे धरले. मुंबईच्या या चारही कॉलेजांची दारं ज्या गुणांना बंद झाली होती, ते गुण श्रुतिकाच्या बरेच वर होते. एवढीच चार नावं लिहिली, तर पोरगी घरी बसणार होती.

"आणि बाकीची लिवली, तर मुंबई जाईल ना हातची?"

"नाही जात. काका, शिमग्यात पालखी पहिल्या घरापासून निघते ना? तसा कॉम्प्युटर यादीतल्या पहिल्या कॉलेजाच्या दाराशी जातो. बंद असलं की पुढच्या. जिथं दार उघडं मिळेल तिथं..."

"पालखी सगळ्या घरांना जाते गो," भरत दुखावून म्हणाला. "कोणाच्या दारात पालखी आली नाय असं झालंय कधी? तू चार वर्षं महाडला काय राहिलीस, पालखी इसरलीस?"

श्रुतिकाची आई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "समीक्षा, तुझं सोन्यासारखं शिक्षण झालंय, आणि तू दाखला द्यायला पालखी घेतलीस. कामाधंद्याचा दे ना, तो कळंल यांना."

समीक्षाने डोकं खाजवलं. मग तिला सुचलं. "काका, मुंबईला तुम्हाला भागोजीनानांनी कामाला कसं लावलं?"

आणि भरत सुरू झाला. ही गोष्ट सांगायला त्याला कधी आग्रह करावा लागला नव्हता.

तो सतरा वर्षांचा असताना पोलादपूरहून रातराणी एसटीने मुंबईला गेला, तो थेट घोडपदेवच्या गावकीच्या खोलीत. खोली वाडीची होती. वाडीतल्या प्रत्येक घराचा त्या खोलीत एक पेटी ठेवण्यापुरता हक्क, आणि पेटी जिथं तिथं माणूस. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच चटयांवर पाठ टेकायचे. चटई कधी थंड पडायची नाही. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, त्याखाली पाळीपाळीने लावायची उदबत्ती. एकाला ताप आला तर चौघे रजा टाकायचे. शिमग्याला खोलीला कुलूप, कारण सगळी खोलीच्या खोली गावाला. भागोजीनाना त्या खोलीतले जाणते. गिरणी बंद पडल्यावर ते पहारेकरी झाले होते, आणि नव्या पोराला कामाला लावणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम होतं.

"पहिल्यांदा मला नेला गोदीतल्या कँटीनला. तिथं पगार चांगला. ते म्हणाले, जागा नाय. मग छापखान्यात. तिथं म्हणाले, पोरगा बारीक हाय, कागदाचे गठ्ठे उचलायचा नाय. मग एका रंगाच्या दुकानात. मग मस्जिद बंदरला सुक्या मेव्याच्या गोदामात गेलो, तो शेठ म्हणाला, उद्यापासून ये."

"मग तुम्ही गोदामात राहिलात. पुढं आणखी कुठं विचारलं?"

"कशाला विचारू? लागलं ना काम."

"आणि तुमच्या मनात शेवटी गोदाम होतं, म्हणून गोदीतल्या कँटीनवाल्याने तुम्हाला नाही म्हटलं का?"

भरत थांबला. "त्याला काय माहीत माझ्या मनात काय होतं ते?"

"हेच," समीक्षा म्हणाली. "अगदी हेच. सगळ्यात आवडतं नाव सगळ्यात वर लिहायचं. मग त्याच्याहून कमी आवडतं. खाली काय लिहिलंय ते वरच्याला दिसत नाही. पण यादी चारवरच संपली, तर चौथ्या दारातून परत यायचं, ते थेट उमरठला."

भरतला हिशेब पटला. तो मुळात हिशेबाला पक्का माणूस. गोदामात पंचवीस वर्षं बदाम-खारका मोजून करोनात परत आला, आणि आता पोलादपूर ते उमरठ उतारूंची तीनचाकी मिनीडोर चालवत होता. त्याने कागद पुन्हा पुढे ओढला, पेन हातात घेतलं.

"सांग."

"अलिबाग. रत्नागिरी. सातारा."

ही तिन्ही त्याने भराभर लिहिली. अलिबाग जिल्ह्याचं गाव. रत्नागिरी कशेडी ओलांडली की आलीच. सातारा घाट चढून पलीकडे. मग समीक्षा एकेक नाव सांगत पुढे सरकली, तसा भरतचा हात जड होत गेला. धाराशिवपर्यंत आला, नंदुरबारला रेंगाळला, आणि गोंदियाला पेन थांबलंच.

"हे कुठं आलं?"

"नागपूरच्या पुढे."

"नागपूरच्या पुढं महाराष्ट्र हाय?"

"आहे, पप्पा," श्रुतिका म्हणाली. "आणि श्रुतिकाचे गुण बहुतेक तिथंच पुरतायत." ती स्वतःबद्दल असं तिऱ्हाइतासारखं बोलायला लागली की आतून घाबरलेली असते, हे भरतला माहीत होतं.

त्याने पेनाला टोपण लावलं.

"तिथं आपलं कोण हाय?"

त्याने कागद दूर सारला.

"मुंबईत आपली माणसं हायत. उद्या पोर आजारी पडली, कोणी काय बोललं, तर पाच मिनिटांत खोलीतली चार माणसं उभी राहतील. गोंदियाला कोण उभं राहील? मी इथनं निघालो तर दोन दिवसांनी पोचंन."

"पप्पा," श्रुतिकाने विचारलं, "त्या खोलीत बाई कधी राहिली होती?"

भरतने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

"मी गेले होते एकदा," श्रुतिकाची आई भाकरी उलटत म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. जिन्यात उभी केली मला यांनी. आतल्यांनी अंगात शर्ट घातले, मग आत घेतलं. चहा प्याले, परत जिन्यात."

"पोरीने खोलीत नाय राहायचं. हॉस्टेल असतं. पण माणसं जवळ असली की..." भरतचं वाक्य पुरं झालं नाही. तो उठला, पायांत चपला सरकवल्या आणि मिनीडोर पुसायला गेला. ती सकाळीच पुसून झाली होती.

समीक्षा जाताना त्याच्याजवळ थांबली. "काका, यादी तिची आहे. ती तिच्या मोबाइलवरून भरू शकते, तुम्हाला न विचारता. पण ती भरणार नाही. मला ते माहीत आहे, तुम्हालाही आहे."

भरत काच पुसत राहिला. दोन पावसाळ्यांमागची गोष्ट त्याला आठवत होती. वाडीतल्या एकाला भाताच्या खाचरात साप चावला, तेव्हा याच मिनीडोरच्या मागच्या बाकावर श्रुतिका त्याचा पाय धरून बसली होती. बाकीचे देवाचं नाव घेत होते. ही मात्र त्याला दर थोड्या वेळाने एकच विचारत होती, "काका, डोळे उघडे राहतायत का? माझ्याकडे बघा. आता दोन बोटं दिसतात की चार?" पोलादपूरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने विचारलं, तेव्हा कधी चावला, कधी पापण्या जड झाल्या, कधी बोलणं बोबडं झालं, सगळं तिने वेळेसकट सांगितलं. सिस्टर भरतला म्हणाली होती, "हिला पुढं शिकवा हो." माणूस वाचला. अजून येता-जाता श्रुतिकाला दोन बोटं दाखवतो.

सोमवारी सकाळी पोलादपूरच्या स्टँडवर उतारू भरायला वेळ होता. भरतने दीपकला फोन लावला. दीपक त्यांच्याच वाडीचा, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा आताचा चिटणीस. घोडपदेवची चाळ पाडून तिथं टॉवर झाला होता, मंडळाला नवी खोली मिळाली होती, नारळ फोडल्याचे फोटो भरतने व्हॉट्सअॅपवर पाहिले होते. फोटोंत ओळखीचे चेहरे होते, म्हणून त्याने पुढे काही विचारलंच नव्हतं.

"दीपक, आपल्या खोलीत आता कोण कोण असतं रे?"

"खोलीत? कोण नाय, भरतदा. भाड्यानं दिलीय ना. मेच्या सभेत ठराव झाला, तुला इसर पडला काय?"

भरत त्या सभेला होता. ठराव झाला तेव्हा तो बाहेर जेवणाची पातेली उतरवत होता.

"मग पोरं कुठं राहतात?"

"लग्नं झाली सगळ्यांची. मी दिव्याला, किशोर नालासोपाऱ्याला, बाकीचे तिकडं कळंबोलीला. शिमग्याला भेटतो की आपण सगळे. हे बघ, मी आता कामावर चाललोय तो बिल्डिंगीवरनंच जातो. थांब, व्हिडिओ कॉल करतो."

मोबाइलच्या काचेवर एक काळं फाटक आलं, त्यामागे गुळगुळीत फरशी आणि कुंड्या. भरतने मोबाइल डोळ्यांजवळ घेतला. नळ कुठं होता? पहाटे त्या नळावर वाडीतली निम्मी माणसं उघड्या अंगाने रांगेत असायची, आणि पहिला तांब्या अंगावर पडला की जो ओरडायचा त्याला बाकीचे हसायचे. जिना कुठं होता?

"नळ ना, तो इथं असंल," दीपक कुंड्यांकडे मोबाइल फिरवत म्हणाला. "का तिथं? आता नाय सांगता येत. वर जाऊन दाखवतो थांब."

मग काचेवर एका पहारेकऱ्याचा निळा शर्ट आला. "कहाँ जाना है?" "चौदावा माला. हमारे मंडल का रूम है." "किसका?" "हमारे गाव का." "गाव का नाम नहीं चलेगा, जो रहता है उसका नाम बोलो." जो राहत होता त्याचं नाव दीपकला आठवलं नाही.

"जाऊ दे, दीपक," भरत म्हणाला. "कामाला उशीर होईल तुला."

"काय काम होतं पण, भरतदा?"

"नाय रे, सहज. तुमची आठवण आली."

एव्हाना मिनीडोर भरली होती. मागून कोणी म्हणालं, "भरतशेठ, कशेडीत दरड आलीय काय, गाडी हलत नाय ती?" बाकीचे हसले. भरतने गिअर टाकला. उमरठपर्यंतच्या रस्त्यात तो एक शब्द बोलला नाही. नेहमी प्रत्येक वळणाला त्याची एक गोष्ट असायची.

दुपारी तो भागोजीनानांकडे गेला. नाना आता गावीच असायचे. गुडघे गेले होते, बाकी सगळं शाबूत. पडवीत झोपाळ्यावर बसून ते सुपारी कातरत होते.

"ये भरत्या. पोरीची मिठाई खाल्ली. आता पोर कधी जाते?"

भरतने सगळं सांगितलं. यादी, गुण, गोंदिया, आणि शेवटी काळं फाटक. नानांनी मधे एकदाही अडवलं नाही. खोली भाड्याने गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांनी नुसती मान हलवली आणि कातरलेली सुपारी भरतच्या हातावर ठेवली.

"नाना, मला तुमी होतात," भरत म्हणाला. "मी मुंबईला उतरलो तवा मला भीती कशी ती वाटली नाय. तुमी नेलंत, तुमी आणलंत. ती मस्जिद बंदरवरनं परत आलेली संध्याकाळ अजून डोळ्यांपुढं हाय."

त्या खोलीचा एक रिवाज होता. नव्या पोराला काम लागलं की पहिल्या सकाळी जाणता माणूस त्याला कामावर पोचवायचा, स्वतः पुढे चालून. संध्याकाळी तोच माणूस न्यायला जायचा, पण येताना पोरगा पुढे आणि जाणता मागे. मागच्याने बोलायचं नाही. पोरगा चुकला तर चुकू द्यायचा, परत फिरू द्यायचा, वाटेत कोणाला विचारू द्यायचं. खोलीचा जिना आला की मगच मागच्याने तोंड उघडायचं. दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा मुंबईचा.

भरत त्या संध्याकाळी दोनदा चुकला होता. अंगाला लवंगांचा आणि खारकांचा वास येत होता, हातगाडीवाले अंगावर ओरडत होते. प्रत्येक चौकात त्याने मागे पाहिलं, आणि प्रत्येक वेळी नाना भलतीकडेच बघत होते. एकदा कुलुपांच्या दुकानात, एकदा आकाशात. पण मागून त्यांच्या चपलांचा फटफट आवाज येत होता, आणि तो आवाज आहे तोवर आपण हरवलेलो नाही, हे त्याला कळत होतं. पुढे पंचवीस वर्षं तो रस्ता त्याने तुडवला. पण त्या रस्त्याचं नाव काढलं की त्याला अजून तो फटफट आवाजच आठवायचा. जिन्याशी आल्यावर नाना एवढंच म्हणाले होते, "चहा पिऊया."

"तुमाला सगळी मुंबई पाठ होती, म्हणून मी निभावलो," भरत म्हणाला. "मला गोंदियातलं काय ठावं हाय? मी कसली वाट दाखवणार तिला?"

नाना हसायला लागले. हसताना त्यांना खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसू आलं.

"मुंबई पाठ? मला? अरे गधड्या, मला गिरणी ते खोली आणि खोली ते गिरणी, एवढी मुंबई पाठ होती. तुला घेऊन काम मागायला गेलो, त्याच्याआदी मस्जिदच्या त्या गल्ल्यांत मी जल्मात गेलो नव्हतो. तो शेठ कोणाच्या तरी वळखीनं कळला होता. दुसऱ्या सकाळी तुला नेताना बी मी तिघांना इचारलं."

"कधी? मी बघितलं नाय."

"तू बघशील कसा? तू तोंड वर करून माड्या मोजत होतास."

"आणि संध्याकाळी? मी दोनदा चुकलो, तरी तुमी..."

"तू चुकलास का बरोबर चाललास, मला कुठं कळत होतं?" नाना डोळे पुसत म्हणाले. "मी आपला तुझ्या मागनं येत होतो. मनात म्हटलं, पोरगा नेईल तिथं जाऊ. हरवलो तर दोघं हरवू."

भरत बघत राहिला. इतकी वर्षं जपून ठेवलेली ती संध्याकाळ त्याने मनातल्या मनात पुन्हा एकदा चालून पाहिली. तोच रस्ता, तेच कुलुपांचं दुकान, मागे तोच आवाज. फक्त आता मागच्या माणसालाही वाट माहीत नव्हती. गंमत म्हणजे, त्यामुळे त्या आवाजाचं काही बिघडलं नाही.

"मला सांगायचं तरी," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं असतं तर आला असतास होय पुढं?"

मंगळवारी समीक्षा अर्धा दिवस रजा टाकून आली. श्रुतिका सहाणेवर मोबाइल घेऊन बसली होती. भरतने कॅलेंडरचा कागद आणला. गोंदिया त्याने आदल्या दिवशीच त्यावर लिहिलं होतं, त्याच ठसठशीत अक्षरांत. सही मात्र खोडून पुन्हा गोंदियाच्या खाली केली होती, म्हणजे आता यादी खरी तिथं संपते हे कोणालाही कळावं.

श्रुतिकाने कागद पाहिला. "पप्पा, नक्की?"

"वरची चार तशीच ठेव हां," भरत म्हणाला. "विचारायला काय जातंय?"

तिने एकेक नाव चढवलं. समीक्षाने दोनदा तपासलं. मग श्रुतिकाने शेवटचं बटण दाबायच्या आधी बोट चौथऱ्याच्या दगडाला लावून कपाळाला लावलं. बेडकाच्या आतड्यांसाठी बोलणी खाल्लेल्या पोरीचं ते बघून समीक्षाला हसू आलं, पण तिने चेहरा गंभीर ठेवला.

गणपतीच्या तयारीच्या दिवसांत निकाल लागला. भरत अंगणात मखराच्या काठ्या बांधत होता. श्रुतिका सहाणेवरून धावत आली आणि दारातच थांबली.

"मिळालं. सरकारी. एमबीबीएस."

"कुठलं?"

"ज्याच्या खाली तुम्ही सही केलीत ते."

श्रुतिकाची आई पदराने डोळे टिपत बाहेर आली. भरत काठी हातात धरून तसाच उभा राहिला. वाडीच्या शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा त्याला आठवत होता. पोलादपूर डाव्या कडेला, समुद्राच्या बाजूला. आणि दुसऱ्या कडेला, गुरुजींची छडी क्वचितच पोचायची त्या कोपऱ्यात, एक ठिपका. "बरं झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, "बरं झालं गो," आणि मग काठीची गाठ सोडून नव्याने बांधायला लागला.

गोंदियाच्या अलीकडे गाडीत उजाडलं. रात्रभर भरत बसूनच होता. खिडकीबाहेर उजेड पसरला आणि तो एकदम सावरून बसला.

"श्रुते, ऊठ. बघ."

दोन्ही बाजूंनी, नजर जाईल तिथपर्यंत भात. डोंगर नाहीत, पायऱ्यांची खाचरं नाहीत, सगळं सपाट, पण भातच. बांधावर उभा राहून एक माणूस पाणी कुठं तुंबलंय ते बघत होता, भरत बघतो तसाच, कमरेवर हात ठेवून.

"हितं पण भातच लावतात," भरत म्हणाला. गोंदियाबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं.

प्रवेशाचं काम दुपारपर्यंत उरकलं. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना आत जायची परवानगी नव्हती. श्रुतिका पेटी घेऊन आत गेली आणि भरत फाटकाबाहेर उभा राहिला. त्याला घोडपदेवचा जिना आठवला, आणि त्या जिन्यात हातातल्या पिशवीसकट उभी असलेली नवी नवरी. घरी गेल्यावर हे तिला सांगायचं, असं त्याने ठरवलं. ती मनापासून हसणार होती.

श्रुतिका बाहेर आली. "झालं. खिडकीजवळची खाट मिळाली. पप्पा, तुमची गाडी रात्रीची आहे ना?"

"व्हय. चल, आदी स्टेशनपर्यंत जाऊ चालत."

"आता? कशाला? संध्याकाळी रिक्षाने जा की."

"चल तर. घरी यायची वाट हाय ती. माहीत पायजे."

जाताना भरत पुढे होता. त्याने एका पानवाल्याला विचारलं, एका पोस्टमनला, आणि सायकलवरून शाळेतून येणाऱ्या एका मास्तरांना. श्रुतिका मागून येत होती, दुकानांच्या पाट्या वाचत. त्याने किती जणांना विचारलं ते तिने पाहिलं की नाही, त्याला कळलं नाही. स्टेशन आलं. भरतने रुमालाने मान पुसली.

"आता परत. पण आता तू पुढं. मी मागनं येतो. मी बोलायचो नाय, चुकलीस तरी नाय. तू नेशील तिथं यायचो."

श्रुतिकाने त्याच्याकडे पाहिलं. घोडपदेवच्या गोष्टी तिने लहानपणापासून ऐकल्या होत्या. तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि चालायला लागली.

पहिल्या चौकात ती नीट वळली. निदान भरतला तसं वाटलं. पुढे एका तिठ्याशी ती थांबली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मागे वळली. भरत लगबगीने सायकलच्या दुकानात टांगलेले टायर बघायला लागला. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर ती फुलं विकणाऱ्या एका बाईशी बोलत होती. बाईने हात करून काही दाखवलं, श्रुतिका मान हलवत हसली, बाईही हसली. मग ती निघाली. भरतही निघाला, चपला जरा जास्तच फटफटत.

वसतिगृहाचं फाटक आलं, पण भलत्याच बाजूने.

"जाताना आपण इथनं नव्हतो गेलो," श्रुतिका म्हणाली. "हा रस्ता जवळचा निघाला. तुम्हाला माहीत होता?"

"मला काय माहीत?" भरत म्हणाला. "चल, चहा पिऊया."